लोणारचा खार

वैशाखात लोणारच्या सरोवराचे पाणी मागे सरू लागले की काठावरचा काळा चिखल पांढुरका होत जातो. आधी नुसती पूड दिसते, मग पापुद्रे धरतात आणि उन्हाळा कडक असेल तर पापुद्र्यांचे कठीण तुकडे होतात. आज त्यांना कुणी हात लावत नाही. पण एके काळी बुलढाणा जिल्ह्यातल्या या विवराच्या तळाशी दर उन्हाळ्यात माणसे उतरत, हा थर गोळा करत आणि वर चढवून विकायला नेत. साबण करणाऱ्याला तो लागे, कापड धुणाऱ्याला आणि रंगाऱ्याला लागे, बांगड्यांची काच ओतणाऱ्यालाही लागे. वऱ्हाडाच्या सरकारी कागदपत्रांत या खाराच्या प्रती नावानिशी नोंदवलेल्या आहेत: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. खार गोळा करणाऱ्यांनी हे प्रकार दिसण्यावरून, चवीवरून आणि हाताला लागणाऱ्या भरडपणावरून वेगळे केले होते. निमक दल्ल्यात मिठाचा अंश जास्त, एवढे तर त्याच्या नावावरूनच कळे.

अकबराच्या दरबारातला अबुल फजल सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’ लिहीत होता. वऱ्हाड तेव्हा नुकतेच मोगलांच्या ताब्यात आले होते. मेहकर सरकारातल्या लोणारबद्दल तो सांगतो की हे पवित्र क्षेत्र असून ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात. उंच डोंगरांनी वेढलेले खारे तळे इथे आहे आणि काच, साबण व सोरा यांना लागणारा माल इथे मिळून त्यातून चांगला महसूल येतो. पुराणकथेतल्या लवणासुराला विष्णूने इथेच मारले, असे लोणार सांगते. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचे. अबुल फजलाने क्षेत्राचे माहात्म्य नोंदवले आणि लगेच महसुलाचा हिशेबही नोंदवला. तीर्थ आणि धंदा एकाच ओळीत यावेत, असे ते ठिकाणच होते.

हा खार मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि सोडियम बायकार्बोनेट. एक धुण्याचा सोडा, दुसरा खाण्याचा. त्यांच्याबरोबर साधे मीठ. शाळेत आठवी-नववीला आम्ल, आम्लारी, द्रावण आणि रासायनिक अभिक्रिया असे जे धडे येतात, त्यांतली जवळपास प्रत्येक गोष्ट लोणारच्या त्या काठावर घडताना दिसते. तरी महाराष्ट्रातली मुले धुण्याचा सोडा बाटलीवरच्या लेबलावरून ओळखतात. ही उणीव साधी नाही. ज्या पदार्थाने युरोपात कारखाने उभे केले, नद्या नासवल्या आणि कायदे करायला लावले, तो आपल्या दाराशी आपोआप तयार होत होता.

आपोआप म्हणजे कसा? विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली काठापासून दीडशे मीटरच्या आसपास. भोवती सगळा बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा काळा कातळ. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडते, म्हणून ते किंचित आम्लधर्मी असते. हे सौम्य कार्बोनिक आम्ल हजारो वर्षे बेसॉल्टला खात राहिले. त्याने कातळातून सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवले आणि पाण्यात त्यांची बायकार्बोनेटे झाली. म्हणजे आम्ल कातळाशी झगडण्यात खर्ची पडले आणि मागे उरले ते त्याच्या उलट स्वभावाचे पाणी.

पुढचा भाग द्रावणाचा आहे. विवराला बाहेर जाणारा ओढा नाही. धार नावाच्या प्रवाहाचे आणि झऱ्यांचे गोडे पाणी आत येते, पावसाचे येते, आणि जाते ते फक्त वाफ होऊन. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. पाणी आटू लागले की कॅल्शियमचे कार्बोनेट सर्वांत आधी तळाशी बसते, कारण ते पाण्यात फारसे विरघळतच नाही. मॅग्नेशियमही बरेचसे गाळात जाते. सोडियमचे क्षार मात्र सढळ विरघळतात, म्हणून ते पाण्यात टिकून राहतात आणि वर्षागणिक दाट होतात. उरलेल्या बायकार्बोनेटातून काही कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो आणि कार्बोनेट वाढते. उन्हाळ्यात काठाच्या उथळ पाण्यात द्रावण संपृक्त झाले की स्फटिक धरायला लागतात. विसाव्या शतकात मोजमापे झाली तेव्हा या पाण्याचा सामू (pH), म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचे माप, 9.5 ते 10.5 च्या दरम्यान भरला. सामूची मोजपट्टी पायरीला दहापटीची असते. शुद्ध पाण्याचा 7 आणि लोणारचा 10 यांत हजारपटीचा फरक पडतो.

या पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर ती तांबडी होते. हळदीचा डाग पडलेले पातळ साबणाने धुताना तो डाग लाल होतो, तीच ही गोष्ट. हळद आणि चुना मिळून कुंकू होते हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने 1664 साली रंगांवरचे पुस्तक छापले. त्यात त्याने दाखवले की व्हायोलेट फुलांचा निळा पाक आम्लात लाल होतो आणि अल्कलीत हिरवा. बॉइलच्या कामाचे मोल असे, की त्याने हा रंगबदल परीक्षा म्हणून वापरला. पदार्थ अनोळखी असला तरी पाकात थेंब टाकावा आणि त्याची जात ठरवावी. दर्शक नावाची कल्पना तिथून पक्की झाली. कुंकू करणाऱ्यांच्या हातात दर्शक होताच. तो पदार्थांची वर्गवारी करण्यासाठी वापरावा, हा विचार मात्र दुसरीकडे झाला, आणि ते प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

उलट काही गोष्टींत आपल्याकडचे लेखन थक्क करते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षार तयार करण्यावर आहे. वनस्पती जाळून राख करावी, ती सहापट पाण्यात कालवावी, एकवीस वेळा गाळावी, ते पाणी आटवावे, त्यात भाजलेल्या चुनखडीची आणि शिंपल्यांची पूड घालावी आणि तयार क्षार लोखंडी भांड्यात ठेवावा. क्षार मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन. राखेतल्या पाण्यात कार्बोनेट असते. त्यात चुना पडला की कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसतो आणि वर दाहक हायड्रॉक्साइड राहते. मृदू क्षार तीक्ष्ण होतो तो या अभिक्रियेने. क्षाराने भाजले तर वर आंबट द्रव लावावा, असेही सुश्रुत सांगतो आणि आंबट व क्षार मिळाल्यावर क्षाराचा तीक्ष्णपणा का जातो याचे कारण देण्याचा प्रयत्न करतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना याच अध्यायाला मोठा मान दिला तो उगीच नाही. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने 1756 साली मृदू आणि दाहक अल्कलींत नेमका काय फरक आहे ते तराजूवर सिद्ध केले: मृदू अल्कलीत एक वायू बांधलेला असतो, चुना तो वायू ओढून घेतो. तो वायू कार्बन डायऑक्साइड. कृती सुश्रुताकडे होती, वजन ब्लॅकने केले.

लोणारच्या खारावर लिंबू पिळले तर फसफसून बाहेर पडतो तो हाच वायू.

युरोपला सोडा कमी पडू लागला अठराव्या शतकात. काच, साबण आणि कापड या तिन्ही धंद्यांची भूक वाढत होती आणि पुरवठा होता राखेचा. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या झुडपांची राख, स्कॉटलंडच्या समुद्रशेवाळाची राख. लोणारसारखे तळे तिकडे हाताशी नव्हते. मीठ मात्र मुबलक होते. मिठातही सोडियम, सोड्यातही सोडियम. मग मिठाचा सोडा का करू नये? फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यासाठी बक्षीस लावले. निकोला लब्लां हा ओर्लेआंच्या ड्यूकच्या पदरी वैद्य होता. त्याने वाट काढली. मिठावर गंधकाम्ल ओतायचे की सोडियम सल्फेट होते. ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचे की काळपट राखेत सोडा तयार होतो. पाण्याने तो धुऊन घ्यायचा. 1791 साली त्याला पेटंट मिळाले आणि पॅरिसजवळ सँ-दनीला ड्यूकच्या पैशाने कारखाना उभा राहिला. दोनच वर्षांत ड्यूकचा क्रांतीत शिरच्छेद झाला, कारखाना जप्त झाला, कृती जाहीर करायला लावली गेली. बक्षीस त्याला कधीच मिळाले नाही. नेपोलियनच्या काळात मोडका कारखाना परत मिळाला, पण चालवायला भांडवल नव्हते. 1806 च्या जानेवारीत लब्लांने आत्महत्या केली. जगभरच्या कपड्यांना पुरेल एवढा सोडा ज्याच्या कृतीने पुढची सत्तर-ऐंशी वर्षे तयार झाला, त्याचा शेवट असा व्हावा हे वाचताना आजही मन खिन्न होते.

1823 हे साल इथे महत्त्वाचे. त्या वर्षी सी. जे. ई. अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी लोणारला पोहोचला आणि युरोपीय विद्वानांच्या जगात या सरोवराची नोंद झाली. त्याच सुमारास, मिठावरचा जबर कर इंग्लंडमध्ये उतरताच, जेम्स मसप्रॅटने लिव्हरपूलला लब्लां पद्धतीचा कारखाना सुरू केला. लोणारच्या खाराची ओळख साहेबाला झाली आणि त्या खाराचा धंदा बसवणारी भट्टी पेटली, ती जवळजवळ एकाच वर्षी.

त्या भट्ट्यांनी जे केले ते रसायनाच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि ते तसे यायला नको. मिठावर गंधकाम्ल पडले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो सरळ धुराड्यातून हवेत सोडला जाई. हवेतल्या ओलाव्यात विरघळून तो हायड्रोक्लोरिक आम्ल होई आणि शेतांवर, झाडांवर, माणसांच्या छातीत उतरे. लँकेशायरमधल्या विडनेस आणि सेंट हेलन्सच्या परिसरात कुंपणाची झुडपे काळी पडली, लोखंड गंजले, शेतकरी कोर्टात गेले. दुसरा उच्छिष्ट पदार्थ कॅल्शियम सल्फाइडचा. त्याचे डोंगर कारखान्याबाहेर साचत आणि पाऊस पडला की सडक्या अंड्यांचा वास सुटे. लोणारच्या काठावरही तो वास येतो. तिथे तो तळच्या चिखलातल्या जिवाणूंनी केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तळ्याच्या काठी तो वाऱ्याबरोबर विरतो. लँकेशायरच्या कामगार वस्त्यांत तो घरात राहायला आला होता.

विल्यम गॉसेजने 1836 मध्ये उपाय काढला. सच्छिद्र मालाने भरलेला उंच मनोरा, वरून पाणी, खालून वायू. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात अतिशय विरघळतो, म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावरून जवळपास स्वच्छ हवा बाहेर पडे. विद्राव्यतेचा असा लोकोपयोगी वापर त्याआधी क्वचितच झाला असेल. अडचण एवढीच की खाली जमलेले आम्ल बरेच जण नदीत सोडून मोकळे होत. अखेर ब्रिटिश संसदेने 1863 मध्ये अल्कली कायदा केला: या वायूपैकी किमान 95 टक्के भाग कारखान्याने शोषून घेतलाच पाहिजे. पहिला निरीक्षक नेमला गेला रॉबर्ट अँगस स्मिथ. आम्लवर्षा हा शब्द त्याच्या 1872 च्या पुस्तकाने रूढ केला. हवेच्या प्रदूषणावर आकडा ठरवून देणारा कायदा जन्मला तो धुण्याच्या सोड्यापायी.

लब्लांची पद्धत हटवली ती एर्नेस्ट सॉल्व्हे या बेल्जियन माणसाने, आणि त्याची युक्ती लोणारच्या काठाशी थेट नाते सांगते. तीनही क्षार पाण्यात विरघळतात, पण सारखे नाही. वीस अंश तापमानाला शंभर ग्रॅम पाणी सुमारे 36 ग्रॅम मीठ घेते, एकवीस-बावीस ग्रॅम सोडियम कार्बोनेट आणि जेमतेम 10 ग्रॅम बायकार्बोनेट. सॉल्व्हेने मिठाच्या दाट पाण्यात आधी अमोनिया भरला, मग कार्बन डायऑक्साइड सोडला. बायकार्बोनेट सर्वांत कमी विरघळणारे, म्हणून तेच पांढरा अवक्षेप होऊन खाली बसले. ते गाळून तापवले की सोडा तयार. अमोनिया चुन्याच्या मदतीने परत मिळवायचा आणि पुन्हा वापरायचा. ही अभिक्रिया आधीही लोकांना ठाऊक होती. अमोनिया वाया न घालवता ती दिवसरात्र चालवणे कुणाला जमले नव्हते. सॉल्व्हेने 1861 मध्ये पेटंट घेतले आणि चार वर्षांत त्याचा कारखाना माल देऊ लागला. ब्रुनर आणि माँड यांनी परवाना घेऊन 1873 मध्ये इंग्लंडमध्ये विनिंग्टनला हेच काम सुरू केले.

लोणारच्या खाराला या मालापुढे उभे राहणे कठीण होते. काठावरच्या थरात कार्बोनेट, बायकार्बोनेट, मीठ आणि चिखल यांचे प्रमाण दर जागी आणि दर हंगामात वेगळे. रंगाऱ्याला किंवा काचेच्या भट्टीवाल्याला एकसारखा माल हवा असतो. कारखान्याचा सोडा शुद्ध आणि प्रत्येक पोत्यात तसाच. भुसावळ ते नागपूर रेल्वे 1867 मध्ये सुरू झाली आणि मुंबई बंदरात उतरलेला माल वऱ्हाडात पोहोचायला सोपा झाला. लोणारला स्वतःला रेल्वे नव्हती. तिथला खार दीडशे मीटरचा चढ माणसांच्या अंगावरून चढून मग गाडीवाटेला लागे. टी. एच. डी. ला टूश आणि डब्ल्यू. ए. के. ख्रिस्ती या भूवैज्ञानिक खात्याच्या अधिकाऱ्यांनी 1912 मध्ये लोणारच्या भूरचनेबरोबर सोड्याच्या साठ्यावरही टिपण छापले. पण भारतात सोड्याचा कारखाना उभा राहायचा तो किनाऱ्यावर, जिथे मीठ आणि चुनखडी दोन्ही जवळ. गायकवाडांच्या बडोदा संस्थानातल्या ओखामंडळात मिठापूरला 1939 मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली. पद्धत सॉल्व्हेचीच, पण जमवावी लागली इथल्या माणसांना स्वतःच्या बळावर.

मधल्या काळात या सगळ्या पदार्थांचे स्पष्टीकरणही बदलत होते. स्वांते अर्‍हेनियसने 1884 मध्ये उप्सालाला प्रबंध दिला: क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, होतात. परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केले. 1903 मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याच्या मते पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने 1909 मध्ये सामूची मोजपट्टी दिली. तरी एक प्रश्न लटकत होता आणि तो नेमका लोणारचा होता. सोडियम कार्बोनेटमध्ये हायड्रॉक्साइड कुठेच नाही, मग ते आम्लारीसारखे का वागते? 1923 मध्ये डेन्मार्कचा ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचा लाउरी यांनी स्वतंत्रपणे उत्तर दिले. प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी. कार्बोनेट आयन पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो, स्वतः बायकार्बोनेट होतो आणि पाण्यात हायड्रॉक्साइड मागे ठेवतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एकत्र असले की बाहेरून थोडे आम्ल आले किंवा थोडी आम्लारी आली तरी दोघे मिळून ती झेलतात. एखाद्या पावसाने लोणारचे पाणी पालटत नाही ते या जोडीमुळे.

विवर कसे झाले याचा वाद त्यानंतरही चालू होता. एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांनी ज्वालामुखीचे मुख मानले. 1972 च्या सुमारास खोल विंधनविवरे घेतली गेली, त्यांत आघाताने काचेसारखी झालेली खनिजे सापडली आणि 1973 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लोणार हे बेसॉल्टमधले उल्काविवर असल्याचे छापून आले. त्याचे वय आधी सुमारे 52 हजार वर्षे मानले गेले. नंतरच्या आर्गॉन पद्धतीने ते 5 लाख 70 हजारांच्या घरात गेले.

जून 2020 मध्ये एरवी शेवाळाने हिरवे दिसणारे सरोवर गुलाबी झाले. त्या उन्हाळ्यात पाणी बरेच आटले होते, क्षारता वाढली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा निघाला. पाणी स्थिर ठेवले की जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी निवळ होई. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर करारातल्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात. सगळ्या सरोवराचाही असाच गोड्या-खाऱ्याचा तोल आहे: विवरात बाहेरून गोडे पाणी किती उतरते आणि वर वाफ किती जाते, या दोन आकड्यांवर पुढच्या काळात सामू 10 च्या आसपास राहील की खाली येईल हे ठरेल. गावाचे सांडपाणी आत येणे थांबवणे आणि हे दोन्ही आकडे ऋतूनिहाय मोजत राहणे, हे काम तातडीचे आहे. सामू उतरला तर त्या पाण्यावर जगणारे स्पिरुलिनासारखे जीव आणि उन्हाळ्यात धरणारा तो पांढरा थर, दोन्हींना धोका आहे.